कूलरच्या खोलीतले राक्षस

काल कूलरच्या ताट्या बदलल्या. ताट्यावाला हातगाडी घेऊन दारात आला, जुनं काळं पडलेलं गवत ओढून काढलं, नवं पिवळं गवत जाळीत दाबून बसवलं, आणि मी मोटर सुरू केली. ओल्या गवताचा पहिला वास खोलीभर पसरला. पंचांग काही म्हणो, अमरावतीत उन्हाळा खरा सुरू होतो तो या वासानं. मी कूलरसमोर तोंड धरून उभी राहिले, गालांवर बारीक थेंब घेतले, आणि बघता बघता अमरावती मागे पडली. अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्या मागच्या खोलीत जाऊन पोचले, जिथे माझ्या संसाराचा पहिला उन्हाळा गेला.

मी चित्रकलेची शिक्षिका. अडतीस वर्षांची होईपर्यंत लग्न केलं नव्हतं. तेल्हाऱ्याच्या माझ्या माणसांनी आशा सोडली होती आणि खरं सांगायचं तर मीही सुटकेचा निःश्वास टाकला होता. मग अकोल्याचं स्थळ आलं. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, बायको तीन वर्षांपूर्वी तापानं गेलेली, नऊ वर्षांची एक मुलगी, तनू. माणूस कमी बोलणारा आणि दिसायला देखणा होता. मी हो म्हटलं. होळीच्या आधी साधंसं लग्न झालं आणि एका दिवसात मी नवरी झाले, सून झाले आणि सावत्र आई झाले. पहिल्या दोन्हींसाठी हळद असते, गाणी असतात. तिसरीसाठीही काही विधी असतो हे मला ठाऊक नव्हतं.

ठरलं होतं ते असं. जूनमध्ये तनूनं माझ्याबरोबर अमरावतीला यायचं, माझ्याच शाळेत नाव घालायचं. ह्यांचं दुकान अकोल्यात, ते शनिवारी येत जातील. पण ह्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली, "तिच्या मनात असलं तरच बरं. जबरदस्ती नाई." म्हणजे माझ्यापाशी मे महिना होता. तेवढ्यात त्या पोरीनं मला आपलं मानलं नाही, तर ती आजीजवळ अकोल्यात राहणार, मी अमरावतीत, आणि हे दोन्हीकडे पाहुणे. एवढं सगळं एका नऊ वर्षांच्या मुलीच्या मनावर ठेवलं होतं, आणि ती मुलगी मला हाकच मारत नव्हती. काही हवं असलं तर माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघून बोलायची.

अकोल्याची मे महिन्यातली दुपार ज्यानं काढली त्यालाच ती कळते. अकराच्या पुढे रस्ते ओस. दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात, कुत्री नालीच्या ओलीत जाऊन पडतात, नळाचं पाणी हाताला चटका देतं. माणसं एका खोलीत जमा होतात, जिथे कूलर असतो. आमच्या घरी ती मागची खोली. खिडक्यांना चादरी बांधलेल्या, आत हिरवट अंधार, जमिनीवर सतरंजी, भिंतीशी एक पलंग, कोपऱ्यात टीव्ही. हे दुकान बंद करून जेवायला येत आणि कूलरच्या अगदी तोंडाशी आडवे होत. सासूबाई दाराशी, उशाला हात घेऊन. मी भिंतीला टेकून. आणि मधोमध तनू, रिमोट घेऊन बसलेली, राज्य करणारी.

ती दिवसभर कार्टूनचे सिनेमे बघायची, हिंदीत केलेले, विदेशी. आधी मला त्यात काही रस नव्हता. नाइलाजानं बघत होते, कारण बाहेर जायची सोय नव्हती. पण तिसऱ्या चौथ्या दुपारी माझ्या लक्षात आलं की या गोष्टींमध्ये काहीतरी भलतंच चाललंय.

माझ्या लहानपणी आमच्या तेल्हाऱ्याच्या घरी वेचणीनंतर एक अख्खी खोली कापसानं भरलेली असायची. आम्ही पोरं त्या ढिगात गळ्यापर्यंत बुडून बसायचो, नाकात सरकीचा तेलकट वास, आणि मोठे बाबा, म्हणजे माझे थोरले काका, दारात बसून गोष्ट सांगायचे. त्यांच्या गोष्टीतला राक्षस दिसला की कळायचा. सुळे बाहेर, डोळे लाल, जीव कुठल्या तरी लांबच्या पोपटात. राजपुत्र गोरा आणि निर्भय. राजकन्या रडणारी. कुणावर दगड मारायचा आणि कुणासाठी डोळे पुसायचे याबद्दल कापसाच्या ढिगात कधी वाद झाला नाही. आणि सावत्र आई? ती आली की मोठे बाबा आवाज बारीक करायचे आणि आम्ही एकमेकांना बिलगायचो. ती भाकरीत राख कालवायची, पोरीला विहिरीवर पाठवायची. मी सगळ्यात जोरात किंचाळायचे. आज आठवून हसू येतं.

तनूच्या सिनेमांत मात्र सगळा कारभार उलटा. एका सिनेमात सात डोक्यांचा राक्षस होता. त्याची सात डोकी जेवताना आपसात भांडायची, आणि सातव्याला कुणाला खायचंच नव्हतं, त्याला गाणं शिकायचं होतं. राजपुत्र येतो तो घोड्यावरून पडत पडत, आणि त्याला लढाईपेक्षा आपला भांग नीट आहे का याची काळजी. राजकन्या मनोऱ्यात बसून वाट बघत नाही. ती स्वतःच गजांना कानस लावते आणि खाली उतरून राक्षसाला विचारते, तुझं दुखतंय कुठे? दुसऱ्या एकात चेटकीण होती. तिनं गावाला शाप दिला म्हणून गाव मशाली घेऊन मागे लागलेलं. शेवटी कळतं की तो शाप नव्हता, पुराचं पाणी अडवायला तिनं बांधलेली भिंत होती. कुणी विचारलंच नव्हतं.

मी भिंतीला टेकून बघायचे आणि मला गुंगी यायची. कूलरची घरघर, ओल्या गवताचा वास, हिरवा अंधार, आणि पडद्यावर एक एक करून माफी मिळालेले राक्षस. झोपेत आणि जागेपणात फरक राहायचा नाही. कधी वाटायचं, सात डोक्यांचा तो राक्षस आमच्याच सतरंजीवर येऊन पाय पसरून बसलाय. बिचाऱ्याला ऊन लागलं असेल. आमचे राजपुत्र कूलरसमोर घोरत असायचे, त्यांना कशाचाच पत्ता नसायचा.

एक दिवस सिनेमा संपला तेव्हा तनू भिंतीकडे बघून म्हणाली, "राक्षस चांगला हाये हे कळाले किती टाइम लागते! आख्खा पिक्चर जाते."

"हो ना," मी म्हटलं. "आधी विचारलं असतं तर पाच मिनिटांत संपलं असतं."

ती हसली नाही, पण भिंतीवरची तिची नजर माझ्या खांद्यापर्यंत आली. मी ती जपून ठेवली.

पण एक गोष्ट मला सलत होती, आणि तिलाही कळली असावी. राक्षसाला माफी मिळत होती, अजगराला मिळत होती, चेटकिणीला मिळत होती. सावत्र आईचा नंबर काही लागत नव्हता. ज्या सिनेमात ती असे, त्यात ती तशीच राहायची. लांब नखं, ताठ मान, आरशाशी बोलणं. अशी बाई पडद्यावर आली की तनू रिमोट उचलायची आणि आवाज कमी करायची, जणू मला ऐकू जाऊ नये म्हणून. तेवढ्या काळजीनं मला वाईट वाटत होतं की बरं, हे मला आजही सांगता येणार नाही.

आता तो विधी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला देवघरापुढे बसवलं आणि माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक चांदीचा टाक बांधला. नखाएवढा पातळ पत्रा, त्यावर उभी बाई ठोकून काढलेली. "सवतीचा टाक हाये," त्या म्हणाल्या. आमच्याकडे दुसरेपणावर आलेल्या बाईनं गेलेल्या सवतीला असं गळ्यात बाळगायचं असतं, काढायचं नसतं. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, सणाचा घास आधी तिला, मग आपण. नाहीतर ती रुसते, दुसरीला त्रास देते. मी शिकलेली बाई. मला हे पटलं नव्हतं, पण आल्या दिवशी कुठे वाद घालायचा? मी टाक ब्लाउजच्या आत सरकवला आणि विसरून गेले.

म्हणजे बघा, मोठ्यांच्या गोष्टीत राक्षस मी नव्हतेच. तिथे भीती होती ती मंजुषाची, तनूच्या मम्मीची. जी बाई पोरीच्या आठवणीत वेणी घालून द्यायची, तिला घरातली मोठी माणसं दोऱ्यानं बांधून ठेवत होती. आणि ती बांधलेली होती माझ्याच गळ्यात.

एका दुपारी मला डोळा लागला. जाग आली तेव्हा तनू माझ्यावर वाकलेली होती. टाक ब्लाउजमधून बाहेर घसरला होता.

"ही कोण हाये?"

"देवी," मी म्हणून गेले. मुलांशी खोटं बोलायचं नाही असं मी शाळेत बाकीच्या शिक्षिकांना सांगत असते.

ते खोटं दोन दिवस टिकलं. शेजारच्या शमीमभाभी, बाळापूरच्या, घरी शिलाईचं काम करायच्या. त्या माझे ब्लाउज द्यायला आल्या तेव्हा सासूबाई ओसरीत त्यांच्याशी बोलत बसल्या. "टाक बांधला म्हून निभून राहिलं बाई," सासूबाई सांगत होत्या. "नाई तं पयलीचा जीव लेकरात अडकलेला. दुसरीले सुखानं राहू देईन का?"

शमीमभाभी एका ब्लाउजला हुक लावत होत्या, सुई थांबवून म्हणाल्या, "डर किस बात का अम्मा? माँ है वो बच्ची की."

दाराआड तनू उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

त्या दिवसापासून टीव्ही बंद. ती खोलीत यायची, पण टीव्हीकडे पाठ करून बसायची. जेवण अर्धं सोडायची. सासूबाई म्हणाल्या, ऊन बाधलं असेल. ह्यांनी तिच्यासाठी बर्फाचा गोळा आणला, तो वाटीत वितळून गेला. तिसऱ्या दिवशी बाकी सगळे झोपलेले असताना तिनं मला पहिल्यांदा सरळ डोळ्यांत बघून विचारलं, "मम्मी भूत हाये का?"

"नाही गं."

"मंग आजी काहून भेते?"

आजही मी वर्गात मुलांना राक्षस काढायला सांगते. पूर्वीची मुलं सुळे काढायची, रक्त काढायची, लाल रंगाच्या कांड्या संपवायची. आता बरीच मुलं राक्षसाला पापण्या काढतात. एकानं तर राक्षसाच्या हातात डबा दिला होता, त्याच्या आईनं करून दिलेला. मला ही चित्रं बघून बरं वाटतं आणि थोडी धास्तीही वाटते. आम्हाला निदान दगड कुणाला मारायचा ते माहीत होतं. या मुलांना आपण सांगितलंय की ज्याला सगळे भितात, त्याला एकदा विचारून बघ. फार मोठी गोष्ट सांगितलीय. मग एखादी तनू खरोखरच विचारायला येते, तेव्हा आपल्यापाशी उत्तर नसतं.

त्या दुपारी मी तोंड उघडायच्या आत तिनंच पुढे बोलून टाकलं. "पिक्चरमंदी लोक उगाच भेतात. राक्षस काईच करत नाई. मम्मीचं बी तसंच असन. तिले कोनी इचारलंच नसन."

मी गळ्यातला दोरा सोडला. टाक तिच्या तळहातावर ठेवला आणि खरं काय ते सांगितलं, की ही देवी नाही, ही तुझी मम्मी आहे, आजीनं माझ्याजवळ ठेवायला दिली होती. तिनं मूठ मिटली.

"गरम हाये," ती म्हणाली.

माझ्या अंगावर राहून तापला होता तो. दोन दिवसांवर अक्षय तृतीया होती. त्या वर्षी ती मे महिन्याच्या मध्याला आली होती. आमच्या घरी त्या दिवशी गेलेल्या माणसांना पान वाढल्याशिवाय आंबा तोंडाला लावत नाहीत. सासूबाईंनी पाण्याची घागर भरली, आमरस काढला, कुरड्या तळल्या. मंजुषाचं पान तनूनं वाढलं, हट्टानं, रसाची वाटी काठोकाठ. टाक तिच्या फ्रॉकच्या खिशात होता. माझा मोकळा गळा सासूबाईंना दिसला तेव्हा त्यांच्या हातातली पळी थांबली. "तनूजवळ आहे," मी म्हटलं. सणाचा दिवस होता, त्यांनी पुढचं पान वाढायला घेतलं. पण त्यांचा चेहरा उतरला.

आणि मग मी मूर्खपणा केला. जेवणं झाल्यावर वारं सुटलं, धुळीची वावटळ उठली. गच्चीवर वाळत घातलेल्या नव्या कुरड्या उडतील म्हणून मी भर दोन वाजता वर गेले, पायात चप्पल नाही, डोक्याला दुपट्टा नाही. तेल्हाऱ्याची पोर मी, असलं वागणं मला शोभत नव्हतं. अर्धा तास कुरड्या वेचत बसले. उतरताना तिसऱ्या पायरीवर डोळ्यांपुढे पिवळं झालं.

पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतं. हे मला उचलून खोलीत आणताहेत, त्यांचा श्वास लागलाय. देखण्या माणसाला धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. डॉक्टर आले, सलाईन लागलं. अंग फणफणत होतं. सासूबाई माझ्या तळपायांना कांद्याचा रस चोळत होत्या आणि चोळता चोळता रडत होत्या. "सांगतलं होतं, टाक काढू नोको. सांगतलं होतं वं माय!" मग आवाज बसला त्यांचा. "एका सुनेले याच खोलीतून नेलं. आता दुसरी नाई न्यायची मले."

तेव्हा कुठे माझ्या तापल्या डोक्यात उजेड पडला. सासूबाईंना मंजुषाची भीती नव्हती. त्यांना परत तेच घडण्याची भीती होती, आणि त्या भीतीला बांधायला त्यांच्याजवळ काळ्या दोऱ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. इतके दिवस मी मनातल्या मनात त्यांची चित्रं काढत होते, नाकाला जरा जास्त बाक देऊन. मला फार लाज वाटली. त्यांचा हात धरावा असं वाटलं, पण हात उचलेना.

संध्याकाळ उतरत होती. ताप थोडा कमी झाला असावा, पण पापण्या जड होत्या. कूलरची घरघर चालू होती. सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या, हे औषध आणायला. खोलीत कुणीतरी अनवाणी पावलांनी आलं आणि पलंगाच्या कडेशी जमिनीवर बसलं. मला फ्रॉकच्या खिशात हात घातल्याचा आवाज आला.

ती माझ्याशी बोलत नव्हती. ती मुठीशी बोलत होती, अगदी हळू.

"मम्मी, तू चांगली हायेस, मले मालूम हाये. सगळे भेतात, मी नाई भेत." मग थोडं थांबून, नाक ओढून, "पन इले काई करू नोको. इनं तुले गळ्यात ठेवलं होतं ना? तू गरम होती. मले इच्यासंग अमरावतीले जाचं हाये."

मी श्वास रोखून पडले होते. भुतं नसतात, तुझी मम्मी मला काही करत नाहीये, मला नुसतं ऊन लागलंय, हे सांगायला तोंडही उघडवलं नाही. शिक्षिका म्हणून मी त्या घटकेला नापास झाले आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

"तू बी चाल," ती मुठीला म्हणाली.

मी डोळे उघडले नाहीत. सलाईनचा हात तसाच ठेवून भिंतीकडे सरकले आणि पलंगावर जागा केली.